पूर्णेला पाहिलेले थर

पूर्णेला कोणी हौसेनं जात नाही. लोक गाडी बदलायला उतरतात, बाकावर बसून चहा पितात आणि पुढच्या गाडीनं निघून जातात. मी गेल्या जानेवारीत खास पूर्णेलाच गेले आणि तीन दिवस राहिले. जाऊ नये असं मला सांगणारे पुष्कळ होते. त्यातल्या एकानंही पूर्णा पाहिली नव्हती.

मी मंगल सुतार, मूळची कोल्हापूरची. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत तंत्रसहायक आहे. चोवीस वर्षं माझं काम एकच होतं. बाहेरून नमुने येत, मी ते काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली तापवायची, निववायची आणि दिसेल ते वहीत लिहायची. अहवाल आमचे विभागप्रमुख लिहीत. त्यांना आम्ही सर म्हणतो. सही त्यांची.

माझ्या टेबलावर बहुतेक द्रवस्फटिक यायचे. कॅल्क्युलेटरच्या पडद्यात असतात ते. हा पदार्थ वाहतो द्रवासारखा, पण त्यातले रेणू स्फटिकासारखी शिस्त पाळतात. काही रेणू नुसते एका दिशेला तोंड करून उभे राहतात. काही त्याच्या पुढे जातात आणि आपले आपण थर लावतात, एकावर एक. कोणता रेणू थर लावील आणि कोणता लावणार नाही, हे तो कसा बांधलाय त्यावर ठरतं. ह्या एका प्रश्नाभोवती माझी सगळी नोकरी गेली, आणि तुला काय वाटतं असं मला कोणी कधी विचारलं नाही.

विचारलं ते एका फोननं. पूर्णेच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या शीला खंदारे नावाच्या बाईंचा फोन होता. त्या पीएचडी करत होत्या. त्यांनी ऑगस्टमध्ये तपासायला पाठवलेल्या नमुन्याचा अहवाल आमच्याकडून गेला होता: रेणूच्या शेपटीला फांदी आहे, त्यामुळे थर बनत नाहीत. त्या अहवालावरून त्यांच्या विद्यापीठाच्या समितीनं काम थांबवायला सांगितलं होतं.

"मॅडम, मला सरांशी न्हाई बोलायचं," त्या म्हणाल्या. "मायक्रोस्कोपला डोळा तुमी लावला होता ना? मग तुमीच सांगा. बाटली कवा आली आणि तुमी बघितली कवा?"

मी रजिस्टर काढलं. आलेली तारीख आणि पाहिलेली तारीख यांच्यात तीन आठवडे होते, तेही पुण्यातल्या ऐन पावसाचे. बाटली माझ्याच टेबलावर होती. सर म्हणाले होते की घाई नाही, म्हणून मी ती ओल शोषणाऱ्या मण्यांच्या बरणीत ठेवली नव्हती. टोपण सैल होतं. ह्या जातीचे रेणू ओलीत तुटतात, ज्या दोन तुकड्यांपासून बनवले त्याच दोन तुकड्यांत परत जातात. हे मला चोवीस वर्षं माहीत होतं. मी जे पाहिलं ते शीलाबाईंनी बनवलेलं नव्हतंच.

मी सरांकडे गेले. ते म्हणाले, "अहवाल गेलेला आहे. एक परत तपासला की उद्या सगळेच मागतील. आणि फांदीनं थर मोडतात, हे कोणीही सांगेल. तालुक्याच्या कॉलेजात नमुना शुद्ध तरी झाला असेल का?"

"मी तिथं जाऊन बघते," मी म्हणाले. "रेणू इथवर टिकत नसेल तर मायक्रोस्कोप तिकडं नेते."

"संस्थेचा मायक्रोस्कोप बाहेर जाणार नाही. आणि संस्थेचं नाव कुठे येता कामा नये."

"बरं," मी म्हणाले. "माझं येईल."

मायक्रोस्कोप माझ्याकडे होता. विभागानं एक जुना भंगारात काढला तेव्हा मी रीतसर अर्ज करून घेतला होता आणि घरी दुरुस्त केला होता. सुताराच्या घरातली आहे, स्क्रू आणि मापं माझ्या हातात बसतात. दोन चादरींत गुंडाळून मी तो गाडीत मांडीवर घेतला.

चुडावा

शीलाबाई पूर्णेच्या स्टेशनावर स्कूटी घेऊन आल्या होत्या. पस्तिशीच्या, बारीक अंगाच्या, डोक्याला स्कार्फ बांधलेला. नमस्कार झाला आणि त्यांनी आधी माझ्या हातातल्या गाठोड्याला हात घातला. "हे पुढं ठेवू, तुमी मागं बसा," म्हणाल्या. माणसापेक्षा यंत्राची काळजी आधी करणारी बाई मला आवडली.

त्यांचं घर पूर्णेच्या पुढच्या स्टेशनाला, चुडाव्यात. वडील रेल्वेत गँगमन होते, ते आता नाहीत. घरात आई आणि त्या, दोघीच. सकाळची थंडी अंगाला चावत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेच्या वर आलेली, मध्येच तुरीचे पट्टे, आणि सगळीकडे काळी जमीन. आमच्याकडे जमीन तांबूस, ऊस डोक्याच्या वर, त्यामुळे लांबचं काही दिसत नाही. इथं नजर अडत नव्हती.

आईंनी दारातच विचारलं, "नाष्ट्याला सुशीला चालंल का?"

मला वाटलं कोणी मुलगी आमच्याबरोबर बसणार आहे. मी म्हणाले, "चालेल की, येऊ दे तिला." दोघी मायलेकी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांची फोडणी, वर शेंगदाण्याचं कूट. आम्ही मुरमुऱ्याला चुरमुरे म्हणतो आणि ते भिजवणं हा आमच्याकडे गुन्हा आहे, भडंग करतात. मी दोनदा घेतली.

"आता मालूम झालं ना सुशीला कोण हाय ते," आई म्हणाल्या. नाव चंद्रभागाबाई. त्या दिवसापासून मी त्यांना मावशी म्हणायला लागले.

पूर्णा, पहिला दिवस

कॉलेजची प्रयोगशाळा म्हणजे एक लांब खोली, अर्ध्या खिडक्यांना काचांऐवजी पुठ्ठे. पण टेबलं घासलेली होती आणि प्रत्येक बाटलीवर स्वच्छ अक्षरात चिठ्ठी. ओल शोषणारी बरणी कोपऱ्यात, झाकणाला व्हॅसलीन लावून घट्ट बसवलेली. मला शरम वाटली. आमच्याकडे अशा चार बरण्या आहेत आणि मी त्यातली एकही उघडली नव्हती.

शीलाबाईंनी फळ्यावर तीन रेणू काढले.

"मधला भाग बघा, ताठ. काठीसारखा. दोन्ही अंगाला मऊ शेपूट. ताठ भागाला ताठाशेजारी राहायचं असतंय, शेपटीला शेपटीशेजारी. म्हणून थर होतेत. एक थर ताठांचा, एक शेपटांचा, परत ताठांचा."

"हे मला ठाऊक आहे," मी म्हणाले.

"हां. आता फांदी. पहिल्या रेणूला फांदीच न्हाई, सरळ शेपूट. दुसऱ्याला फांदी ताठ भागाच्या जवळ लावली. शेजारी जवळच येऊ शकत न्हाई, थर मोडणार. तुमचे सर म्हणले ते ह्याच्याबद्दल बरोबर हाय. पण तिसऱ्याला मी फांदी शेपटीच्या टोकाला लावली. टोकाला तसंबी ढिलंच असतंय. तिथं ती खपून जाणार. थर राहणार, फक्त कमी तापमानाला होणार. तुमच्याकडं पाठवला तो तिसरा होता."

त्या खडू हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मी ठरवून आले होते ते सांगून टाकलं.

"शीलाबाई, तुमची बाटली माझ्या टेबलावर तीन आठवडे पडली होती. पावसात. मी बरणीत ठेवली नाही. मी पाहिलं ते तुटलेल्याचं पाहिलं."

त्या वळून फळा पुसायला लागल्या. काढलेलं सगळं पुसून झालं तरी पुसत राहिल्या.

"दीड वर्ष लागलं मला तो रेणू बनवायला," शेवटी त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "सकाळी सातला यायची, लेक्चरच्या आधी. समितीतले एक जण म्हणले, बाई, तुमचं शिकवायचं बरं चाललंय, ह्या लफड्यात कामून पडता. मी गप ऐकून घेतलं. मला वाटलं, पुण्याच्या मशीनला दिसलं न्हाई म्हणजे माझीच चूक असंल." त्या वळल्या. "हे तुमी लिवून द्याल का?"

"देईन."

"सहीनिशी?"

"सहीनिशी."

"मग आधी बघा," त्या म्हणाल्या. "बघितल्याबिगर नका लिवू. मला तुमची दया नको."

त्या दिवशी आम्ही काही बघू शकलो नाही. मायक्रोस्कोप उघडला तर प्रवासाच्या धक्क्यानं दिवा गेलेला. तसला दिवा पूर्णेत मिळेना, नांदेडला सांगावं लागलं असतं. शीलाबाईंनी बाजारातून एक चार्जिंगची बॅटरी आणली, आणि मी पुठ्ठ्याच्या नळकांड्यातून तिचा उजेड खालून सोडायची सोय केली. हे करताना आम्ही दोघी पहिल्यांदा थोडं मोकळं बोललो.

पूर्णा, दुसरा दिवस

नमुना तापवायची शीलाबाईंची स्वतःची युक्ती होती. ॲल्युमिनियमचा एक ठोकळा त्यांनी ओळखीच्या लेथवाल्याकडून कापून घेतला होता. मधोमध उजेड यायला भोक, बाजूला जुन्या इस्त्रीची कॉईल, कमीजास्त करायला पंख्याचा रेग्युलेटर, आणि ठोकळ्यात खोचलेलं थर्मामीटर. आमच्याकडे ह्याच कामाला परदेशी यंत्र आहे. मी ठोकळा तपासला. वितळण्याचं तापमान पक्कं माहीत असलेला पदार्थ त्यावर ठेवून बघितला. अर्ध्या अंशाचा फरक होता, तो वहीत लिहिला आणि पुढं गेले.

पहिला रेणू, सरळ शेपटीचा. तापवून पूर्ण द्रव केला, तेव्हा सगळं काळं दिसलं; आमच्या मायक्रोस्कोपच्या दोन ध्रुवकांमधून शिस्त नसलेला द्रव काळाच दिसतो. निववताना त्र्याऐंशीला थर आले. दुसरा, जवळ फांदी असलेला, बावन्नला नुसते धागे दाखवून वळवळत राहिला. सुईनं झाकणकाच दाबली की धागे वाहून जायचे. थर नव्हते. हे दोन्ही शीलाबाई म्हणाल्या तसंच.

तिसऱ्याची चिमूट काचेवर घेतली तेव्हा त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"बघायला या," मी म्हणाले.

"तुमी बघा. मी बघितलं तर मला जे पायजे तेच दिसंल."

ऐंशीच्या पुढं नेलं, काळं झालं. आता सावकाश निववायचं, एवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला, रेग्युलेटरचा लाल ठिपका विझला. शीलाबाईंनी डोक्याला हात लावला. "आता तीन तास येत न्हाई. उद्या बघू."

पण माझा उजेड बॅटरीचा होता आणि ठोकळा जाड होता. तो एकदम थंड होणार नव्हता. आमच्या पुण्याच्या यंत्रालाही इतक्या सावकाश निववायचा धीर नसतो. "थर्मामीटर वाचत राहा," मी म्हणाले, आणि डोळा काढला नाही.

"पंच्याहत्तर. चौऱ्याहत्तर."

सगळं काळं.

"एक्काहत्तर. सत्तर."

काळंच. माझ्या मानेत कळ आली होती. खरं सांगते, तेव्हा मनात आलं की सर बरोबर असतील तर मला परत जाऊन त्यांच्यासमोर उभं राहावं लागेल. मग वाटलं, असतील तर असोत, तेही लिहीन.

"अडुसष्ट," शीलाबाई म्हणाल्या.

काळ्यात एक बारीक उजळ काडी उमटली. मग तिच्या बाजूला दुसरी. मग सगळीकडे, पाण्यात तांदूळ टाकल्यासारख्या काड्या. त्या लांबत गेल्या, एकमेकींना भिडल्या, आणि भिडल्या तिथून घडीच्या हातपंख्यासारखे आकार उघडत गेले, पिवळे, निळे, करडे. हे पंखे चोवीस वर्षांत मी हजारदा पाहिलेत. ते थरांशिवाय होत नाहीत. धाग्यांसारखे वाहूनही जात नाहीत. मी सुईनं दाबलं, ते वाकले आणि तसेच राहिले.

मी खुर्चीवरून उठले आणि त्यांना हाताला धरून बसवलं. त्यांनी डोळा लावला. स्क्रू एकदा मागं, एकदा पुढं फिरवला. मग म्हणाल्या, "एवढं सोपं हाय होय. नुसतं नीट ठेवायचं होतं." आणि रडायला लागल्या. मी पुण्याहून आणलेला रुमाल दिला. त्या रडत होत्या ते माझ्यामुळेच.

लाईट आल्यावर आम्ही तोच नमुना आणखी तीन वेळा केला. प्रत्येक वेळी अडुसष्टच्या आसपास. मी वहीत लिहिलं, वेळ टाकली, खाली सही केली.

संध्याकाळी सरांचा फोन आला. कॉलेजातल्या कोणाकडून तरी त्यांना कळलं होतं.

"दिसले म्हणता? ठीक आहे. मग 'आधीचा नमुना वेगळा असावा' एवढं एका ओळीत देऊ. विषय संपला."

"नमुना तोच होता, सर. आपण तो उघडा ठेवला होता."

"आपण म्हणजे कोण?"

"मी. आणि तुम्ही घाई नाही म्हणालात. दोन्ही लिहिणार आहे."

"तुमचं काम लिहायचं नाही, बघायचं आहे."

"बघितलंय म्हणूनच लिहितेय," मी म्हणाले. त्यांनी फोन ठेवला. मी वही पिशवीत घातली. शीलाबाई समोरच होत्या. त्या म्हणाल्या, "चला, भूक लागली असंल." मावशींनी येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्याच्या मसालापिठाची आमटी केली होती, बरोबर ज्वारीची भाकरी आणि कांदा. आमच्या तांबड्या रश्शाइतकी ती भडक नसते, आधी भाजल्या डाळीचा वास येतो आणि तिखट मागून येतं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

परत चुडावा

तिसऱ्या दिवशी रविवार होता. ठोकळा आम्ही घरी आणला, कारण मावशी म्हणाल्या होत्या, "पोरगी दीड वरीस सकाळी सातला जायलीय ते कशापायी, मलाबी बघू द्या."

मायक्रोस्कोपच्या भिंगात त्यांना नीट दिसेना, पापणी मध्ये यायची. मग मी दुसरी रीत काढली. पत्र्याच्या पातळ पट्टीला लहान भोक पाडलं, पट्टी ठोकळ्यावर पन्नास अंशांना ठेवली, भोकाच्या कडेला नमुना लावला आणि काचेच्या धारेनं भोकावरून ओढला. जो रेणू थर लावतो त्याचा असा पडदा भोकावर ताणून राहतो, साबणाच्या पाण्याचा राहतो तसा, पण कितीतरी जास्त वेळ. जो थर लावत नाही त्याचा पडदा तुटतो.

आधी दुसरा रेणू घेतला, जवळच्या फांदीचा. ओढला की फुटला. पाच वेळा ओढला, पाच वेळा फुटला. मग तिसरा. काच भोकापलीकडे गेली आणि पडदा राहिला. मी पट्टी चिमट्यानं किंचित तिरकी केली. अंगणातल्या उन्हात त्यावर हिरवा आणि गुलाबी रंग सरकला.

मावशी वाकून बघत होत्या. शेजारच्या दोन बायका येऊन उभ्या होत्या. बाहेरून एक मालगाडी गेली, जमीन हादरली, पडदा तसाच होता.

"ह्याला धरलंय कुणी?" मावशींनी विचारलं.

"कुणीच न्हाई, माय," शीलाबाई म्हणाल्या. "तेच एकमेकाला धरून हायत."

"आणि ह्या दुसऱ्याला जमंना?"

"त्याच्या अंगात चुकीच्या जागी फांदी हाय."

मावशींनी थोडा विचार केला. "म्हणजे फांदी वाईट न्हाई," त्या म्हणाल्या. "जागा बघावी लागती."

"हेच मी दीड वरीस सांगायलेय," शीलाबाई म्हणाल्या. "समितीला लिवून पंधरा पानं झाली. तू एका वाक्यात बोललीस."

त्या दुपारी ओट्यावर बसून मी दोन पानं लिहिली. बाटली कशी ठेवली, कोणी ठेवली, चुडाव्यात आणि पूर्णेत काय दिसलं. कागदावर कुठेही संस्थेचं नाव नव्हतं. खाली लिहिलं: मंगल सुतार, निरीक्षण करणारी. एक प्रत शीलाबाईंच्या समितीला, एक सरांना.

पुणे

सर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी आदेश आला. मायक्रोस्कोपवरून मला काचसामानाच्या स्टोअरमध्ये टाकलं. आता मी बीकर आणि नळ्या देते-घेते. येणारे-जाणारे हळू आवाजात विचारतात, कशाला पडलात त्या भानगडीत. मी मोठ्यानं सांगते की बाटली मी उघडी ठेवली होती, म्हणून. मग ते दुसरं काही विचारत नाहीत. स्टोअरला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी नमुना कुठे ठेवायचा ते दाखवते, तिला हवं असो वा नसो.

समितीनं माझ्या दोन पानांवर विश्वास ठेवला नाही, आणि ते मला पटलं. त्यांनी तिसऱ्या ठिकाणी तपासून आणायला सांगितलं. शीलाबाईंनी ह्या वेळी पोस्टावर भरवसा टाकला नाही. नमुना काचेच्या नळीत घातला, नळीचं तोंड जाळावर वितळवून बंद केलं, आणि मावशींना बरोबर घेऊन स्वतः घेऊन गेल्या. तिथल्या यंत्रानं सदुसष्ट पूर्णांक आठ सांगितलं, आणि त्याच्या खालच्या तापमानाला थर. त्यांचं काम परत सुरू झालं आहे.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मी स्टोअरमध्ये पावत्या लावत होते.

"ताई, चौथा बनवलाय. आता दोन्ही शेपटांना फांदी, दोन्ही टोकाला. आमचे गाईड म्हणायलेत, एक खपली म्हणून दोन खपणार न्हाईत. मला वाटतंय खपतील. नमुना बरणीत हाय. कवा येता?"

मी रजेचा अर्ज काढला. तारखा भरल्या. कारणाच्या रकान्यात लोक घरगुती काम लिहितात, मीही आजवर तेच लिहीत आले होते. ह्या वेळी लिहिलं: पूर्णेला थर पाहायला जायचं आहे. आणि तो सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.